रायफलचा चाप बदलायचा की नाही? कापसाचे पैसे घालण्याआधी एवढं तपासा

"भाऊ, पोरीच्या रायफलचा ट्रिगर बदलून घेऊ काय? कापसाचे पैसे आत्ताच हाती आलेत. नंतर राहत नाहीत."

बेज्जूर मंडलातल्या एका वाचकाचा हा फोन. मुलगी कागजनगरला कॉलेजात शिकते. एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू-टूची रायफल हातात घेतली आणि तिथून नाद लागला. आता सुट्टीत हैदराबादला मावशीकडे राहून रेंजवर सराव करते. स्वतःची रायफल म्हणाल तर देशी बनावटीची, १० मीटरची, हवेवर चालणारी आणि तीही सेकंडहँड. वर्षभर गुण एकाच ठिकाणी अडकलेत. रेंजवर कुणीतरी सांगितलं, "कंपनीचा ट्रिगर जड आहे. भारीतला बसवून घे, गुण आपोआप वाढतील." बाहेरून मागवायच्या ट्रिगरची किंमत ऐकून बापानं हिशोब मांडला. जवळपास एका एकराच्या कापसाचे पैसे!

प्रश्न एका घरचा असला तरी तो एकट्याचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्याआधी हैदराबादच्या गगन नारंगनं २०१२ मध्ये लंडनला १० मीटर एअर रायफलचं कांस्य आणलं होतं. प्राणहितेच्या अलीकडे तेलंगण आणि पलीकडे महाराष्ट्र, दोन्ही काठांवरच्या पोरांना आता हा खेळ आपलाही वाटतो. पण खेळ खर्चिक आहे आणि आपल्या भागात विचारायला माणूस नाही. मग जो जे सांगेल ते खरं वाटतं.

म्हणून हा लेख. ट्रिगर म्हणजे चाप नेमका काय करतो, तो बदलल्यानं काय होतं, काय होत नाही, आणि पैसे घालण्याआधी काय तपासायचं, ते एकेक करून पाहू.

आधी थोडक्यात उत्तर

चाप बदलल्यानं नेम सुधारत नाही. चांगला चाप एवढंच करतो की तुम्ही धरलेला नेम शेवटच्या क्षणी बिघडवत नाही. म्हणून प्रश्न "चाप जड आहे का?" असा नाही. प्रश्न असा आहे की "माझे गुण चापामुळे जातायत, हे मला दाखवता येतं का?" येत असेल तर पुढचा विचार करा. येत नसेल तर पैसे बँकेत राहू द्या.

चापाच्या आत काय असतं?

रायफल तयार करून ठेवली की आतला हॅमर (किंवा स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन) ताणलेला असतो. त्याला एक छोटा पोलादी दात अडवून धरतो. या दाताला सिअर म्हणतात. आपण चाप ओढतो म्हणजे हा दात हळूहळू सरकवतो. शेवटचा काठ सुटला की हॅमर पुढे जातो आणि छर्रा निघतो.

स्पर्धेच्या रायफलमध्ये बहुतेक करून दोन टप्प्यांचा चाप असतो. पहिला टप्पा मोकळा. बोट मागे जातं, थोडं वजन लागतं, मग एकदम भिंत लागल्यासारखं होतं. इथे नेमबाज थांबतो, शिस्त पक्की करतो, आणि त्या भिंतीवर आणखी थोडासा दाब दिला की चाप सुटतो. एक टप्प्याच्या चापात हा मोकळा प्रवास नसतो, पहिल्यापासूनच भिंत असते.

चापात बिघाड म्हणतात तो चार प्रकारचा.

एक, वजन जास्त. सुटायला फार जोर लागतो.

दोन, सरक. भिंत लागल्यावर चाप स्वच्छ सुटत नाही, करकरत पुढे पुढे सरकत राहतो. कधी सुटेल याचा अंदाज येत नाही.

तीन, सुटल्यानंतरची धाव. दात सुटला तरी चाप मागे जाऊन आदळतो आणि त्या धक्क्यानं रायफल हलते.

चार, आणि हा सगळ्यात वाईट. चाप दर वेळी वेगळ्या वजनाला सुटतो. आज एक, उद्या दुसरं.

लोक पहिल्या दोषाबद्दलच बोलतात. खरं नुकसान दुसरा आणि चौथा करतात. जड पण रोज सारखाच चाप माणसाला सवयीचा होतो. लहरी चाप कधीच सवयीचा होत नाही.

गुण कसे जातात? साधा हिशोब

१० मीटर एअर रायफलचं टार्गेट डोळ्यासमोर आणा. मधला १० चा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. त्यानंतर प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरनं बाहेर. आता गुण दशांशात मोजतात, म्हणजे पाव मिलिमीटरला ०.१ गुण.

रायफल खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर धरा. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे नळीचं तोंड जेवढं हलेल त्याच्या साधारण दहापट छर्रा सरकणार. नळी पाव मिलिमीटर हलली की टार्गेटवर अडीच मिलिमीटर, म्हणजे सरळ एक गुण गेला. पाव मिलिमीटर म्हणजे केवढं? वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवा, तेवढं.

आता चापाकडे या. सरावाच्या साध्या रायफलचं वजन साडेतीन-चार किलो असतं. तिचा चाप दीड-दोन किलोला सुटत असेल, तर बोट जवळजवळ रायफलच्या अर्ध्या वजनाएवढा जोर लावतंय. तो जोर अगदी सरळ मागे गेला तर ठीक. जरा तिरका गेला की नळी बाजूला ढकलली जाते. स्पर्धेच्या रायफलचा चाप काही दहा ग्रॅम ते शे-सव्वाशे ग्रॅमवर लावलेला असतो. तिथे बोट तिरकं गेलं तरी रायफलला कळत नाही.

पात्रता फेरीत ६० फैरी असतात. प्रत्येक फैरीला ०.२ गुण वाचले तरी शेवटी १२ गुण होतात. निवडीच्या यादीत १२ गुणांनी माणूस कुठल्या कुठे जातो. म्हणजे रेंजवर सांगणारा अगदीच खोटं बोलला नव्हता. चापानं फरक पडतो. पण तो कोणाला पडतो, हे त्यानं सांगितलं नाही.

ज्याची रायफल मुळातच टार्गेटवर आठच्या वर्तुळाएवढी फिरते, त्याला चाप बदलून काही मिळत नाही. त्याचे गुण धरण्यात जातायत, सोडण्यात नाही. ज्याचं धरणं साडेनऊ-दहाच्या आत स्थिर झालंय आणि तरी अधूनमधून एखादा आठ पडतो, त्यानं चापाकडे बघावं.

हलका म्हणजे चांगला, असंही नाही

चाप जेवढा हलका तेवढा बरा, हा दुसरा गैरसमज. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेच्या मॅट एमन्सचं.

२००८, बीजिंग ऑलिम्पिक, ५० मीटर थ्री पोझिशनची फायनल. शेवटची एकच गोळी बाकी आणि एमन्स ३.३ गुणांनी पुढे. सुवर्णासाठी त्याला फक्त ६.७ हवे होते. त्याच्या पातळीच्या माणसाला हे डोळे झाकून जमावं. तो रायफल वरून खाली मध्याकडे आणत होता आणि तेवढ्यात बोट चापाला लागलं. गोळी सुटली. गुण पडले ४.४. सुवर्ण चीनच्या च्यू च्यानला गेलं आणि एमन्स थेट चौथ्या क्रमांकावर आला.

जगातल्या उत्तम नेमबाजाचं हे झालं. मग ज्याचा हात अजून बसला नाही, ज्याला रेंजवर भीतीनं घाम फुटतो, थंडीत बोटं बधिर होतात, त्याच्या हातात पन्नास ग्रॅमचा चाप दिला तर काय होईल? नवशिक्याला थोडा जड चाप बोट कुठे आहे ते कळवतो. तो शिक्षकच आहे.

याच एमन्सची दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकआधी त्याच्या रायफलची कुणीतरी मोडतोड केली होती. त्यानं सहकाऱ्याची उसनी रायफल घेतली आणि ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकलं. सामान महत्त्वाचं आहे, पण सामानाच्या आधी माणूस आहे.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांच्या चापाला किमान वजनाची अट नाही. पिस्तुलाला आहे. १० मीटर एअर पिस्तूल ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तूल १००० ग्रॅम. ३०० मीटर स्टँडर्ड रायफललाही १५०० ग्रॅमची अट आहे. एअर रायफलचं एकूण वजन साडेपाच किलोच्या आत हवं.

आपल्याकडे स्पर्धा राष्ट्रीय रायफल संघटनेच्या चौकटीत होतात. ही संघटना १९५१ साली उभी राहिली ती पहिले लोकसभा अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकारानं. मूळ कोकणातलं मराठी घराणं. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर लागणारी मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. या स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियमांचे प्रकार वेगळे आणि देशांतर्गत नियमांचे वेगळे. तुमचं पोर कोणत्या प्रकारात उतरणार, त्यात कोणती रायफल आणि कोणते बदल चालतात, हे राज्य संघटनेकडून लेखी विचारून घ्या. सामान तपासणीत रायफल बाद झाली तर भारी चापाचा काय उपयोग?

बदलण्याआधीच्या पाच तपासण्या

सगळ्या तपासण्या रेंजवर, प्रशिक्षकांसमोर करा. रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघा. नळी कायम टार्गेटकडे.

पहिली, पेच आणि साईट. चापाला दोष देण्याआधी लाकडाला नळी जोडणारे पेच घट्ट आहेत का बघा. साईट हलतेय का बघा. अभिनव बिंद्रानं स्वतः सांगितलंय की २००८ च्या बीजिंग फायनलआधी सरावाची पहिली फैर झाडली तर चारच गुण पडले. साईट हललेली होती. त्यानं ती पुन्हा जुळवली आणि सुवर्ण जिंकलं. घाबरून जाऊन दुसऱ्याच गोष्टीला हात घातला असता तर?

दुसरी, टेकू देऊन मारणे. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून एकाच डबीतले छर्रे पाच-पाचच्या गटात मारा. पाचही एकाच भोकाभोवती पडले तर नळी आणि छर्रे ठीक. इथेच पसरले तर आधी छर्रे बदलून बघा. वेगळ्या बनावटीच्या दोन-तीन डब्या आणणं चापापेक्षा कितीतरी स्वस्त. बऱ्याचदा आजार इथेच सापडतो.

तिसरी, कोरा चाप. म्हणजे छर्रा न घालता शिस्त धरायची आणि चाप ओढायचा. स्पर्धेच्या रायफलमध्ये यासाठी वेगळी सोय असते. डोळा पुढच्या साईटवर ठेवा. चाप सुटायच्या आधीच साईट भटकत असेल तर दोष धरण्यात आहे. साईट स्थिर आहे आणि नेमकी सुटताना टुणकन उडते, तर दोष बोटात किंवा चापात आहे. वीस वेळा करा, वहीत लिहा. पण लक्षात ठेवा, स्प्रिंग-पिस्टनची रायफल छर्रा न घालता कधीही सोडू नये. पिस्टन आत जाऊन आदळतो आणि खराब होतो. पॉइंट टू-टूलाही आत नकली काडतूस घातल्याशिवाय हे करू नये.

चौथी, चाप मोजणे. यासाठी महागडा काटा लागत नाही. रिकामी प्लास्टिकची बाटली दोरीनं चापाच्या मध्यावर अडकवा, प्रशिक्षकांना रायफल नळी वर करून उभी धरायला सांगा आणि बाटलीत हळूहळू पाणी सोडा. चाप सुटला की बाटली दोरीसकट किराणा दुकानाच्या किंवा सोनाराच्या काट्यावर ठेवा. ते तुमच्या चापाचं वजन. असं दहा वेळा करा. समजा आकडे १४५० ते १५५० ग्रॅमच्या मध्ये आले, तर चाप जड आहे पण प्रामाणिक आहे. ९०० ते १४०० असे उड्या मारत आले, तर तो हलका असूनही वाईट आहे. दुरुस्तीची गरज या दुसऱ्याला आहे. हाही प्रयोग स्प्रिंगच्या रायफलवर करू नका, कारण तिथेही रिकामा पिस्टन सुटतो.

पाचवी आणि निकाल देणारी, उसनी रायफल. रेंजवर कुणाकडे तरी चांगल्या चापाची रायफल असते. विनंती करा, एक दिवस मागून घ्या. दहा फैरी आपल्या रायफलनं, दहा उसन्या, पुन्हा दहा आपल्या, असं करत दोन्हींच्या चाळीस-चाळीस फैरी करा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. उसनी रायफल वजनानं, मापानं वेगळी असते, त्यामुळे हा हिशोब सोन्याच्या काट्यासारखा नाही. तरी अंदाज नक्की येतो. इतक्या चांगल्या चापानंही गुण तिथेच राहिले, तर नव्या चापावर खर्च कशाला?

बोट पोचतंय का?

एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात. दुकानातली रायफल सरासरी मोठ्या माणसाच्या हाताची असते. लहान हाताच्या मुलीचं बोट चापापर्यंत नीट पोचतच नाही. मग बोटाच्या टोकानं चाप ओढला जातो आणि नळी बाजूला जाते. बोटाचं पहिलं पेर चापावर सपाट बसलं पाहिजे आणि ओढ सरळ मागे गेली पाहिजे. बऱ्याच रायफलमध्ये चापाची पट्टी पुढे-मागे सरकवता येते. एक छोटा पेच सैल करायचा, सरकवायचं, घट्ट करायचं. खर्च शून्य.

थ्री पोझिशन खेळणाऱ्यांना तर हे आणखी महत्त्वाचं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही वेळा हाताचा कोन बदलतो. त्या खेळात चाप किती हलका याच्याइतकंच तो कुठे बसतो यालाही महत्त्व आहे.

आधी कंपनीचाच चाप नीट करून घ्या

नवा चाप बसवणे आणि जुना तसाच ठेवणे, यात मधली एक पायरी आहे. कंपनीचाच चाप साफ करून, वंगण देऊन, पेचांनी लावून घेणे. सेकंडहँड रायफलमध्ये वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ साचून चिकटा झालेला असतो. तेवढ्यानंच चाप करकरतो.

चापावर सहसा दोन-तीन पेच असतात. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन आणि सुटल्यानंतरची धाव. हे माहितीपत्रक बघून, प्रशिक्षकांना विचारून, पाव-पाव फेरा करत लावता येतात. पण सिअरचा दात किती अडकावा हे ठरवणारा पेच असेल, तर त्याला घरी हात लावायचा नाही. दात जेमतेम अडकला तर चाप लोण्यासारखा सुटतो खरा, पण रायफल नुसती टेबलावर आपटली तरी सुटू शकते. दात घासून गुळगुळीत करणे, स्प्रिंग कापणे, हे गावठी उपाय तर अजिबात नको. वरचा कडक थर गेला की आतलं मऊ पोलाद झिजत जातं आणि चाप महिन्या-महिन्याला बदलत राहतो.

काम झाल्यावर पडताळणी करा. रायफल रिकामी, चाप तयार, आणि दस्त्यावर तळहातानं थापट्या मारा. चाप सुटला तर ती रायफल रेंजवर न्यायची नाही. परत लावून घ्या.

कायदा विसरू नका

आपला भाग सीमेचा, जंगलाचा, आणि तपासणीचा. म्हणून हे नीट वाचा.

४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात-आठ ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. चाप बदलल्यानं ताकद बदलत नाही. पण दुकानदार किंवा मिस्त्री "आलाच आहात तर स्प्रिंगही जोरदार टाकून देतो" म्हणाला, तर नाही म्हणा. ताकद २० ज्यूलच्या वर गेली की तीच रायफल परवान्याची होते आणि तुम्ही विनापरवाना.

पॉइंट टू-टूचा मामला पूर्ण वेगळा. ते अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि दुरुस्ती किंवा बदल करण्यासाठीही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा आणखी कडक केल्या. म्हणून लोहाराकडे, लेथवाल्याकडे, ओळखीच्या मेकॅनिककडे पॉइंट टू-टू न्यायची नाही. परवानाधारक दुरुस्तीवालाच हवा. भाग परदेशातून मागवायचा असेल तर आधी राज्य संघटनेला विचारा.

पुलावरून अहेरीकडे जाताना किंवा चंद्रपूरची गाडी पकडताना एअर रायफल पेटीत बंद, छर्रे वेगळे, सोबत खरेदीची पावती, ओळखपत्र आणि क्लबचं पत्र ठेवा. पॉइंट टू-टूचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतो का, हे त्यावरच लिहिलेलं असतं. निघण्याआधी वाचा.

आणि शेवटचं. कागजनगरच्या जंगलात ताडोब्याकडून वाघ येतात, हे आपल्याला सांगायला नको. एअर रायफलनं ससा किंवा पाखरू मारलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती शिकारच. रायफल रेंजसाठी आहे. घरातल्या पोरांनाही हे पहिल्या दिवशी सांगा.

मग बदलायचा कधी?

बदला, जर: दहा मापांत चाप उड्या मारतोय आणि साफसफाई, पेच लावून झाल्यावरही मारतोय. किंवा धरणं स्थिर झालंय, कोऱ्या चापात साईट नेमकी सुटताना उडतेय आणि उसन्या रायफलवर दोन्ही दिवस गुण स्पष्ट वाढले. आणि तुमच्या रायफलला बसणारा, नियमात चालणारा चाप मिळतोय.

बदलू नका, जर: सराव सुरू करून वर्षही झालं नाही. टेकू देऊनही छर्रे पसरतायत. बोट नीट पोचत नाही. किंवा रायफल स्प्रिंगची आहे. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का बसतो, तिथे चाप हा पहिला दोष नव्हेच.

एक तिसरी परिस्थितीही आहे. चाप खरंच अपुरा पडतोय, पण रायफलच साधी आहे. तेव्हा साध्या रायफलला भारी चाप लावण्यापेक्षा ते पैसे साठवून पुढे सेकंडहँड का होईना, स्पर्धेची रायफल घेणं शहाणपणाचं. तिच्यात चांगला चाप कंपनीचाच येतो, आणि विकताना तिला किंमतही येते. बदललेला चाप विकताना कुणी मोजत नाही.

बेज्जूरच्या बापाला काय सांगितलं?

सांगितलं की दोन महिने थांबा. तोवर पोरीनं वरच्या पाचही तपासण्या करून वहीत लिहाव्यात. रायफल स्प्रिंगची नाही, भरलेल्या हवेची आहे, तेव्हा मापं घ्यायला अडचण नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. चापाची मापं जड निघाली, पण दहाही जवळजवळ सारखी. गोम दुसरीकडेच होती. बोट चापापर्यंत पुरत नव्हतं, नुसतं टोक लागत होतं. प्रशिक्षकांनी पट्टी मागे घेऊन दिली. "आता डावीकडं कमी जातात म्हणते," ते म्हणाले. गुण किती वाढले? तेवढं अजून ठरायचंय. उसन्या रायफलची चाचणी पुढच्या सुट्टीत.

"मग पैसे?" आम्ही विचारलं.

"थोडे छर्र्यांना दिले. थोडे हैदराबादच्या येण्याजाण्याला ठेवले. बाकी बियाणाला लागतीलच, भाऊ."

उसन्या रायफलवर गुण खरंच उडी मारून वर गेले, तर पुढच्या कापसाला हा प्रश्न पुन्हा निघेल. निघू द्या. तेव्हा हातात वही असेल आणि उत्तर त्या वहीत असेल.